सहा भोकांचं सीट

कळंबला आम्ही भाड्याच्या खोल्या बघायला गेलो तेव्हा आईनं घरमालकांना विचारलं, "पाण्याचं कसं आहे?"

घरमालक म्हणाले, "पाणी लई. पर बाई, तुमच्या माहेरी ट्रॅक्टर व्हता का?"

आई म्हणाली, होता, लाल रंगाचा.

"मडगार्डाची कडा गोल वळीवलेली, का सपाट?"

आईनं माझ्याकडं बघितलं. मी तेव्हा सातवीत होते, मी काय सांगणार? वडील जाऊन वर्षही झालं नव्हतं, आईची बदली नुकतीच कळंबच्या शाळेत झाली होती आणि तिच्या डोक्यात गॅसच्या नंबरापासून माझ्या दाखल्यापर्यंत सतरा भानगडी होत्या. "आता ते कुणाच्या ध्यानात राहतंय," ती म्हणाली. "बगा आठवून सावकाश. तवर सामान आणा," घरमालक म्हणाले. झालं, आम्ही भाडेकरू झालो. पुढची चौदा वर्षं आम्ही तिथंच होतो आणि मडगार्डाची कडा आईला शेवटपर्यंत आठवली नाही.

त्यांना आम्ही आप्पा म्हणायचो. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग आणि सदऱ्याच्या खिशात लोहचुंबक. सगळी नोकरी जनावरांच्या सरकारी दवाखान्यात ड्रेसर म्हणून झालेली. गावोगाव गोठ्यात जायचं, बैलाच्या खांद्याला मलम लावायचं, गाईचा खूर बघायचा. आता गोठ्याशेजारी ट्रॅक्टर उभा असायचाच. बैल धरायला माणूस येईपर्यंत आप्पा ट्रॅक्टर बघत बसायचे, आणि तिथंच त्यांना नाद लागला. जुना ट्रॅक्टर दिसला की त्याचा कुठला भाग कारखान्यातून आलेला आणि कुठला मागाहून बसवलेला, हे ओळखायचं. बस्स, एवढंच. स्वतःचा ट्रॅक्टर त्यांच्याकडं कधी नव्हता. शेतीसुद्धा नव्हती. चालवता येत होता का, तर तेही नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "डाक्टर काय बैल हाणतो का?"

जनावर बघायची सगळी रीत त्यांनी लोखंडाला लावली होती. समोरच्या जाळीला ते दात म्हणायचे. "दात बगितल्याबिगर वय कळत न्हाय," म्हणत जाळीच्या पट्ट्या मोजायचे. एका कारखान्यानं पहिल्या साली सात पट्ट्या दिल्या, तिसऱ्या साली नऊ केल्या, टूलबॉक्स डावीकडचा काढून सीटखाली नेला, स्टेअरिंगचे चार आरे होते ते तीन केले, असलं सगळं त्यांना पाढ्यासारखं पाठ. पिशवीत रॉकेलचा बोळा, एक जुनं नाणं, बायकोचा हातात मावणारा आरसा आणि एक वही. बोळ्यानं मळी पुसायची, नाण्यानं रंग खरवडायचा, आरसा खालून धरून लोखंडात ओतलेले आकडे वाचायचे. चुंबक चिकटलं नाही की समजायचं, इथं पत्रा सडलाय आणि लांबीचा लगदा भरून वर रंग दिलाय. रंगावर त्यांचा काडीचा भरवसा नव्हता. "रंग सोयऱ्यावानी गोड बोलतो. लोखंड भावकीवानी. तोंडावर खरं सांगतं."

घरात माणसांना दोन खोल्या आणि लोखंडाला चार. तुळस होती ती फ्लायव्हीलवर. आई कपडे वाळत घालायची ती तार दोन सायलेन्सरना बांधलेली. माझ्या वाढदिवसाला त्यांनी मला एक पिस्टन दिला, पेनं ठेवायला. इतका जड की टेबल एका बाजूनं कलायचं. तक्रार केली तर म्हणाले, "टेबल बदल."

बाजाराच्या दिवशी त्यांच्याबरोबर भाजी आणायला जाणं म्हणजे शिक्षा. मेथी घेता घेता हा माणूस पिशवी टाकून रस्त्यात उभा राहणार, हात आडवा करून चालता ट्रॅक्टर थांबवणार आणि वरच्या माणसाला सांगणार, "पाहुणं, उजवं हेडलाईट दुसऱ्या गाडीचं हाय." माणूस घाबरून खाली उतरायचा. त्याला वाटायचं, आरटीओचा साहेब आहे. काही जण म्हणायचे, असू द्या की आजोबा, उजेड तर पडतोय. आप्पा मान हलवायचे. "उजेड पडतो, व्हय. पर कुणाचा?" तो माणूस माझ्याकडं बघायचा आणि मी मेथीच्या जुडीत तोंड लपवायचे.

एकदा आईला नवस फेडायचा होता म्हणून तिघं तुळजापूरला गेलो. दर्शनाच्या रांगेत अडीच तास उभे राहिलो, महाद्वार दिसायला लागलं आणि आप्पा गायब. आईचा जीव वरखाली. रांग सोडून सगळीकडं शोधलं. शेवटी गाड्या लावायच्या जागेत एका ट्रॅक्टरखालून चार पाय बाहेर आलेले दिसले. दोन आप्पांचे, दोन गाडीच्या मालकाचे. कर्नाटकातून सगळं कुटुंब ट्रॉलीत घालून देवीला आला होता बिचारा. दोघं उताणे पडून कानडीत खिदळत होते. आप्पा बाहेर आले तेव्हा कपाळावरच्या विभूतीवर ग्रीसचा पट्टा. "बाई, नांगर उचलायच्या लिफ्टचं झाकण मूळचं हाय, चाळीस वरसात उगडलं न्हाय," ते हरखून म्हणाले. आई तशीच वळली. परत पहिल्यापासून रांगेत उभी राहिली आणि या वेळी आप्पांच्या उपरण्याचं टोक तिनं मुठीत धरून ठेवलं होतं.

आता असा माणूस कुणी लग्न जमवायला नेतं का? आम्ही नेला.

त्याला कारण होतं. वडील नाहीत, काका पुण्याला आणि त्यांचं आमचं फारसं येणं-जाणं नाही. मोठं माणूस म्हणून पुढं बसायला आप्पाच. मुलगा तेरजवळच्या गावचा, धाराशिवला माती तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला. आमच्याकडं चहा-पोहे होऊन गेले होते. मला तो आवडला होता, सरळच सांगते. पोह्यांत मीठ जास्त झालं होतं, सगळ्यांनी "छान झालेत" म्हटलं आणि तो पाणी मागून म्हणाला, "जरा खारट आहेत, पण खातो." तेव्हाच मी मनातल्या मनात होकार देऊन टाकला. आता राहिलं होतं आमच्या माणसांनी त्यांचं घर बघणं. घर पसंत पडलं की सुपारी फुटणार. हल्ली मुलीही जातात, म्हणून मीही निघाले.

आईची एकच अट होती. तिच्या आत्याचं वाटोळं झालं होतं. घरातला एक माणूस वेडा आहे हे सासरच्यांनी लपवून लग्न लावलं आणि सगळा जन्म तिनं त्या घरात भीत भीत काढला. तेव्हापासून आईचं ठरलेलं, घर गरीब चालेल, पण लपवाछपवी दिसली की उठायचं. ती एकदा बोलली की तसंच करते, हे मला माहीत होतं.

आणि दुसरी भीती आप्पांची. त्या घरात जुना ट्रॅक्टर होता. गावात पहिला ट्रॅक्टर त्यांचा आला, म्हणून घराची ओळखच 'ट्रॅक्टरवाले'. आदल्या दिवशी आईनं आप्पांना समोर बसवून सांगितलं, "आप्पा, त्या ट्रॅक्टरला हात लावायचा नाही." आप्पांनी भवानीची आण घेतली. "हात न्हाय लावणार." तोंडाचं बोलून घ्यायचं आई विसरली.

दारात ट्रॅक्टर नवऱ्या मुलासारखा नटवून उभा केला होता. ताजा लाल रंग, बॉनेटला हार. मुलाच्या वडिलांनी, म्हणजे मामांनी, पाणी द्यायच्या आधी तोच दाखवला. "आमच्या आबांनी नवा कोरा आणलेला. पैल्या लाटेतला. जिल्ह्यात तवा चार-दोनच आलते." आप्पांनी दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरले आणि देवळाला घालावी तशी प्रदक्षिणा सुरू केली. मी मनात म्हटलं, देवा, आजच्या दिवस सांभाळ.

बायकांनी मला आत नेलं. स्वयंपाकघरामागं एक खोली होती, तिचं दार बाहेरून ओढून घेतलेलं. पुरणाचा वास, बांगड्यांचा आवाज, सगळं छान चाललं होतं, तेवढ्यात ते दार किलकिलं झालं आणि पांढऱ्या मिशांचे एक म्हातारबाबा डोकावले. "कोण गं तू?" मी नाव सांगितलं. ते जवळ आले आणि हळूच म्हणाले, "पोरी, भाईर गाडी हुबी हाय न्हवं, ती माजी न्हाय. माज्या गाडीच्या पत्र्याच्या सीटाला सहा भोकं व्हती."

मुलाच्या आईचा चेहरा पडला. तिनं त्यांना आत नेलं, या वेळी दाराला कडी घातली आणि माझा हात धरून म्हणाली, "आमचे आबा. सासरे माझे. मनावर घेऊ नको बाई. तीस वर्षं हेच चाललंय. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, ही माझी गाडी नाही. बाकी अगदी चांगले आहेत. तुझ्या आईला एवढ्यात सांगू नको, मीच सांगेन सवडीनं."

वेड आणि लपवाछपवी, दोन्ही एकाच खोलीत. आईला कळलं की ती उठणार. नाही सांगितलं तर मी माझ्याच आईला फसवणार. मी ताटं मांडत होते आणि काय करावं ते सुचत नव्हतं. वीस मिनिटांपूर्वी मी इथं पडदे कुठल्या रंगाचे लावायचे ते ठरवत होते.

तेवढ्यात बाहेरून आप्पांचा आवाज आला. खणखणीत. "पाहुणं, राग मानू नका. ही गाडी तुमची न्हाय."

माझ्या हातातलं ताट खाली पडलं.

मी दारापाशी धावले. मामा लालबुंद झाले होते. "काय म्हणालात?"

"तुमी म्हणता पैल्या लाटेतली. पैल्या लाटेला दात सात. हिला नऊ हायत. मडगार्डाची कडा सपाट. टूलबॉक्स सीटाखाली. ही तिसऱ्या सालची गाडी हाय. आन् एकबी भाग बदललेला न्हाय बरं का, सगळी मूळची हाय. लई गुणाची हाय. पर तुमची न्हाय."

"आमच्या दारात यून आमाला चोर म्हणता?" मामांचा आवाज चढला. शेजारची माणसं कुंपणाशी जमली. आई उठून उभी राहिली. तिचा चेहरा मी ओळखत होते, आता ती माफी मागून आम्हाला घेऊन निघणार. मला असा संताप आला आप्पांचा, वाटलं तो पिस्टन इथं असता तर घातला असता यांच्या डोक्यात.

मुलगा मात्र शांत होता. "आप्पा, खात्री कशी करायची?" त्यानं विचारलं.

"चेसी नंबर, कारखान्यात लोखंडातच ठोकलेला. पुढच्या अंगाला, डाव्या हाताला. म्या आण घेतलीया, हात लावता येत न्हाय. ह्यो बोळा घे, हे नाणं घे, खरवड."

आणि तो चांगल्या पांढऱ्या शर्टात गुडघ्यावर बसून खरवडायला लागला. दर खंडेनवमीला पूजेच्या आधी रंगाचा एक हात, अशी तीस वर्षं. लाल, त्याखाली लाल, त्याखालीही लाल. आप्पा पाठीमागं हात बांधून वाकून "हळू, हळू, दुकतंय तिला" करत होते. शेवटी आकडे दिसले. मोबाईलचा उजेड पाडून मुलानं ते वाचले. मामांनी रागारागानं ट्रंकेतून गाडीचं आरसी बुक आणलं. एकेक आकडा ताडून बघितला. पहिले तीन जुळले, पुढचे चार वेगळेच.

मामांनी पुन्हा वाचलं, मुलानं पुन्हा वाचलं.

मग माझ्या मागून आबा बाहेर आले. दार कुणी उघडलं होतं? मीच. केव्हा ते मलाही कळलं नाही. ते काठी टेकत सरळ आप्पांसमोर जाऊन उभे राहिले. "म्या काय सांगत व्हतो? माज्या गाडीच्या सीटाला सहा भोकं व्हती. हिला चार हायत. बसलं की कळतंय की माणसाला."

"सहा?" आप्पांचे डोळे लकाकले. "गोल का लांबट?"

"लांबट."

"आन् मदलं जरा वाकडं?"

"व्हय, डाव्या अंगाला."

"अगं आई गं," आप्पा म्हणाले आणि त्यांनी आबांचे दोन्ही हात धरले. ते कोडं घडाघडा उलगडलं. तीस वर्षांपूर्वी खंडेनवमीच्या आधी आबांनी गाडी रंगवायला धाराशिवच्या एका पेंटरकडं टाकली होती. त्या आठवड्यात त्याच्याकडं तशीच दुसरीही गाडी आलेली. नंबराच्या पाट्या काढून ठेवल्या, रंग वाळला, सणाची गडबड, आणि पाट्या लावताना अदलाबदल झाली. दोन्ही घरांनी आपापल्या दारात दुसऱ्याची गाडी पुजली. आबा गाडीवर बसल्याबरोबर म्हणाले होते, ही माझी नाही. रंगानं फसलात, असं आधी सगळे हसले. मग हसायचेही बंद झाले.

आप्पांनी वही काढली. थुंकी लावून पानं उलटली. "सहा भोकं, लांबट, मदलं वाकडं. दोन वरसांमागं बगितलीया. तुळजापूरच्या वाटंवर, चिंचंखाली हुबी हाय."

जेवण तसंच राहिलं. पुरण झाकून ठेवलं आणि दोन जीपा भरून सगळे निघालो. बघायला आलेली मुलगी, तिची आई, वर, वरपिता, कुंपणावरचे शेजारी, सगळे. आबा पुढच्या सीटवर, धुतलेला फेटा बांधून. मामांच्या मांडीवर आरसी बुक. मला तर हसू आवरत नव्हतं, शेवटी आईनं चिमटा काढला.

ती गाडी खरंच चिंचेखाली होती. वर कोंबड्या बसलेल्या. मालक भला माणूस, त्याला काही माहीत नव्हतं, त्यानं चहाच टाकला. मुलानं परत गुडघ्यावर बसून खरवडलं. नंबर जुळला. पण आबा नंबरासाठी थांबलेच नव्हते. त्यांनी कोंबड्या हाकलल्या, सीटवर हात फिरवला, बोटानं एकेक भोक चाचपलं आणि सहाव्यावर थांबले. कितीतरी वेळ बोट तिथंच होतं.

मालक म्हणाला, "न्या की आजोबा. तुमची हाय. आमची आमाला द्या, मंजी झालं."

आबांनी मान हलवली. "ऱ्हाऊ दे. तीस साल तू पोसलीस, म्या तुजी पोसली. आता माज्यानं काय चालवणं हुतंय?" मग ते मामांकडं वळले. "फकस्त गावात एक सांग. म्हातारा येडा न्हवता."

मामा, गावातले पहिले ट्रॅक्टरवाले, भर उन्हात वडिलांच्या पायावर डोकं ठेवून रडले. "आबा, चुकलो. तुमाला मागं बसवलं आमी." आई पदरानं डोळे पुसत होती. मी तर उघड रडत होते, लाज कसली त्यात. मी आईला स्वयंपाकघरातलं सगळं सांगून टाकलं, दाराचं, आबांचं, मुलाच्या आईनं सवडीनं सांगते म्हटलं तेही. आईनं मुलाकडं बघितलं. त्याच्या शर्टाची पार वाट लागली होती. मग ती मामांना म्हणाली, "सुपारी इथंच फोडू या का?" सुपारी कुणाकडंच नव्हती. मालकाच्या बायकोनं पानाच्या डब्यातली काढून दिली.

या गडबडीत आप्पा दिसेनात. ते गाडीखाली होते. आतून आवाज आला, "रेडिएटर बदललाय. बाकी सोनं हाय."

परतताना मी त्यांच्याशेजारी बसले. म्हटलं, "आप्पा, अर्धं कळंब तुम्हाला येडं म्हणतं. मीसुद्धा म्हणते, आज अंगणात तर मनातल्या मनात म्हटलं. आता उद्यापासून सगळ्यांना सांगत सुटणार, आमचे आप्पा येडे नाहीत म्हणून."

आप्पा खिडकीकडं वळले. त्यांनी दोनदा नाक पुसलं.

"बरं वाटलं माय," ते म्हणाले. "पर कुणाला सांगू नगंस. शाण्या माणसाला लोक आपल्या गाडीखाली शिरू देत न्हाईत."